कणगीच्या तोंडाशी

कामशातने कारागांदाच्या विद्यापीठातून कामगारांच्या सुरक्षेची आणि आरोग्याची पदवी घेतली, तेव्हा तिच्या थोरल्या मामांनी मेंढा कापला आणि भर पंगतीत शिजलेल्या मुंडीचा कान कापून तिच्या हातावर ठेवला. कान धाकट्यांना द्यायचा असतो, म्हणजे ते थोरांचं ऐकतात.

"खा," मामा म्हणाले. "आणि आता सांग, या शिक्षणावर करायचं काय असतं?"

"कारखाना, खाण, जिथे माणसं राबतात तिथे नोकरी करायची मामा. कोणाला इजा होऊ नये हे बघायचं."

"आणि कोणालाच इजा झाली नाही तर?"

"तर माझं काम नीट झालं."

"म्हणजे काहीच झालं नाही, की तुझं काम झालं!" मामांनी मांडीवर थाप मारली. "अगं, हे काम तर मी जन्मभर करतोय. घरी बसून!"

पंगत खो-खो हसली. कामशातही हसली, कारण आईच्या भावाने थट्टा करायची आणि भाचीने ती गिळायची, ही रीतच आहे. पण कान काही तिच्या घशाखाली लवकर उतरला नाही. मामांचं बोलणं चेष्टेचं असलं तरी खोटं नव्हतं. पदवी हातात आल्यावर तिने जिथे जिथे विचारलं, तिथे तिथे एकच उत्तर मिळालं होतं: जागा आहे, पण अनुभवी माणूस पाहिजे. अनुभव आणायचा कुठून, तर जागेवरून. वर्गातला एक मुलगा तेवढा पश्चिमेला तेलविहिरींवर लागला, बाकीच्यांपैकी कोणी विमा विकत होतं, कोणी फोन. कामशातची खोलीतली मैत्रीण तर स्पष्टच म्हणाली होती, "आपल्याला लोक अपघात झाल्यावर शोधतात गं. आणि तेसुद्धा दोष द्यायला."

मामांचं बाजारात पडद्यांचं दुकान होतं. तिथल्या गल्ल्यावर एक माणूस हवाच होता. आईने अजून तोंडाने म्हटलं नव्हतं, पण तिच्या डोक्यात ते दुकान पक्कं बसलेलं होतं.

अशात सारितेरेक स्टेशनाच्या धान्यकोठारातून बोलावणं आलं. तिथे सरकारी तपासणी झाली होती आणि तपासनिसांनी बजावलं होतं, की सुरक्षेसाठी शिकलेलं माणूस नसेल तर कोठाराला टाळं ठोकू. कोठाराचे प्रमुख बेर्दिबेक सापारोविच हे आडव्या बांध्याचे, सदा घाईत असलेले गृहस्थ होते. त्यांनी तिला बस म्हणायच्या आधीच सांगून टाकलं, "हे बघ, तपासणीवाले माणूस मागतात म्हणून तुला घेतोय. हंगाम संपेपर्यंत परीक्षा. मग ठरवू. मला इथे दोन गोष्टी चालत नाहीत. एक अपघात आणि दुसरा खोळंबा."

या दोन्हींतून एकच निवडायची वेळ आली तर, असं कामशातच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नोकरीच्या पहिल्याच दिवशी असले प्रश्न विचारू नयेत, एवढं तिला कळत होतं.

कोठार म्हणजे मैलभरावरून दिसणाऱ्या सिमेंटच्या उंच कणग्यांची रांग. आसपासच्या सगळ्या शेतांतला गहू इथे यायचा, बादल्यांच्या पट्ट्यावरून वर चढायचा आणि कणग्यांत पडायचा. गाडी आली की खालून दारं उघडायची आणि तोच गहू बादल्यांच्या दुसऱ्या पट्ट्यावरून पुन्हा वर चढून वाघिणींत पडायचा. सगळी बटणं ल्युबोव पेत्रोव्हना नावाच्या बाईंच्या हातात. कामशातला त्या पहिल्या दिवसापासून "आमची परिचारिका" म्हणायच्या.

"काय गं परिचारिका, आज कोणाचं नाक पुसायचंय?"

"तुमच्या खोलीतली आग विझवायची नळी कुठे गेली ल्युबाताई?"

"काकड्यांना पाणी घालायला नेली. का, तुझी काकडी पेटलीय?"

पण दुसऱ्या दिवशी नळी जागेवर असायची. ल्युबाताईंचं तोंड तिखट होतं, मन नव्हतं.

खरी पंचाईत होती ती जुमाकादिर आजोबांशी. सगळे त्यांना आदराने जुमेके म्हणत. ते कणग्यांचे राखणदार. गहू ओलसर असला की त्याचा वर कडक पापुद्रा धरतो आणि खालचा गहू अडतो. मग कोणीतरी आत उतरून बांबूने तो पापुद्रा फोडायचा. ते काम जुमेकेंचं. आणि हे काम म्हणजे साक्षात मृत्यूशी हस्तांदोलन, कारण माणूस आत असताना खालचा पट्टा चालू झाला, तर गहू पायाखालून ओढला जातो आणि दुसरी हाक मारेपर्यंत माणूस कमरेपर्यंत रुतलेला असतो. मग त्याला दहा जणांनी ओढलं तरी तो निघत नाही.

कामशातने नियम घातला. उतरण्याआधी ल्युबाताईंना फोन करायचा, त्यांनी बटणाला कुलूप लावायचं, कमरेला दोर बांधायचा आणि कणगीच्या तोंडाशी लाल पाटी टांगायची. जुमेकेंनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि पाटीवर आपला घाम पुसायचा पंचा वाळत घातला.

"आमची पाटी वेगळी आहे पोरी," ते म्हणाले.

त्यांची पाटी म्हणजे त्यांचे जोडे. गावाकडची म्हातारी माणसं घालतात तसे मऊ चामड्याचे गुडघ्यापर्यंतचे मोजे ते घालत आणि त्यांवर रबरी जोडे. गहू म्हणजे भाकरी, आणि भाकरीवर जोड्यांनी पाय द्यायचा नाही, हे त्यांच्या आईने त्यांना शिकवलेलं. म्हणून आत उतरताना ते जोडे कणगीच्या तोंडाशी काढून ठेवत, दाराबाहेर ठेवावेत तसे. वरच्या सज्ज्यात जोडे दिसले, की सगळ्यांनी समजायचं, आत माणूस आहे. कोठार बांधलं गेलं तेव्हापासून हाच कायदा चालत आला होता.

"आजोबा, पण ल्युबाताई खाली बसतात. त्यांना तुमचे जोडे कसे दिसणार?"

"कोणीतरी बघतंच की."

"आणि नाही बघितलं तर?"

यावर जुमेकेंनी तोंड फिरवलं. नुसते बाहेरच्या माळाकडे बघत राहिले. कामशातला वाटलं, म्हातारा रागावला. पण दुसऱ्या दिवसापासून ते मुकाट्याने फोन करायला लागले आणि दोरही बांधायला लागले. जोडे मात्र काढतच राहिले आणि तिनेही मग तो हट्ट सोडला. भाकरीवर जोडे घालून कशाला चालायचं? तिचीही आई तिला हेच सांगत आली होती.

हंगाम संपत आला. परीक्षेचे दिवसही संपत आले, आणि बेर्दिबेक सापारोविच काही बोलत नव्हते. अपघात एकही झाला नव्हता. म्हणजे मामांच्या हिशेबाने तिने काहीच केलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी मोठी गाडी लागली होती. इंजिन दम खात उभं, वाघिणी रांगेत, आणि सातव्या कणगीतला गहू पट्ट्यावरून धो-धो वाहत होता. इंजिन संध्याकाळी सुटायचं म्हणजे सुटायचं, आणि पुढचं कधी मिळेल ते रेल्वेलाच ठाऊक. बेर्दिबेक सापारोविच खाली रुळांपाशी उभं राहून सगळ्यांवर खेकसत होते. कामशात वरच्या सज्ज्यात दिवे आणि तारा तपासत निघाली होती. सातव्या कणगीपाशी आली आणि जागच्या जागी थिजली.

झाकण अर्धं उघडं होतं. त्याच्याशेजारी जुमेकेंचे जोडे होते, नीट जुळवून ठेवलेले. दोर खुंटीला तसाच लटकलेला.

"जुमेके!" तिने ओरडून पाहिलं. पट्ट्याच्या गडगडाटात तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. तिने झाकणातून खाली डोकावलं. आत धुळीचा नुसता ढग, आणि त्या ढगाखाली गहू मध्यभागी खोलगट होत खाली जात होता. ती पुन्हा ओरडली. तोंडात धूळ गेली.

भिंतीवर लाल मूठ होती. ती ओढली की सगळं बंद. पण भरल्या पट्ट्यावर मूठ ओढली, की बादल्यांतला गहू उलटा खाली कोसळतो, तळ तुंबतो, आणि तो हातांनी उपसायला अख्खी संध्याकाळ जाते. म्हणजे गाडी गेली. गाडी गेली म्हणजे तिची नोकरी गेली.

चहाला गेले असतील, तिच्या मनात आलं. म्हातारी माणसं विसरतात. आपले मऊ मोजे घालून खाली उतरले असतील. पण दोर न बांधताच आत उतरले असतील तर? मग झाकण का उघडं आहे? आणि ती विचार करत असताना त्या खोलगटीत गहू आणखी खाली गेला.

खोटं कशाला सांगा, त्या क्षणी तिला पडद्यांचं दुकानही दिसलं आणि गल्लाही दिसला. आणि तिने मूठ ओढली.

कोठारभर अशी शांतता पसरली, की छपरावरची कबुतरं घाबरून उडाली. मग खालून ओरडाआरडा सुरू झाला. जिन्यावर धावण्याचे आवाज आले. सगळ्यांत पुढे ल्युबाताई आणि मागे धापा टाकत बेर्दिबेक सापारोविच.

"आत जुमेके आहेत!" कामशात ओरडली.

मग कोणी काही विचारलं नाही. दोघं गडी कमरेला दोर बांधून, फळ्या टाकून आत उतरले. बॅटऱ्यांचे झोत फिरले. लांब बांबूंनी गहू चाचपून झाला, पुन्हा चाचपून झाला. ल्युबाताई झाकणापाशी गुडघ्यांवर बसून तीन बोटं जुळवून छातीवर क्रूस काढत होत्या, आणि बेर्दिबेक सापारोविचांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मिठाई काढा! आधी मिठाई, मग बातमी!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. सज्ज्याच्या त्या टोकाला जी एक खिडकी आहे, अख्ख्या कोठारात फोन लागतो तो फक्त तिथे, तिथून जुमेके येत होते. पायांत मऊ मोजे, हातात फोन, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि ओठ कानांपर्यंत फाकलेले.

"नात झाली! आमच्या आयझानला मुलगी झाली! बोला, शुभवार्ता आणली, काय देता?"

शुभवार्ता आणणाऱ्याला काहीतरी द्यावंच लागतं, कोण त्याला नाही म्हणणार? पण कोणाचाच हात खिशाकडे गेला नाही. जुमेकेंनी एकेकाचे चेहरे पाहिले, झाकणापाशी बसलेल्या ल्युबाताईंना पाहिलं, आपले जोडे पाहिले आणि त्यांचं हसू मावळलं.

"घ्या जुमेके," बेर्दिबेक सापारोविच रुमालाने मान पुसत म्हणाले. "खालच्या सगळ्या वाघिणी तुमच्या. अर्ध्या अजून रिकाम्याच आहेत."

झालं होतं ते असं: कडेचा पापुद्रा फोडायला जुमेकेंनी उतरायच्या तयारीत जोडे काढले, झाकण उचललं आणि नियमाप्रमाणे ल्युबाताईंना फोन करायला खिडकीकडे निघाले, तोच खिशातला फोन एकदा वाजून बंद पडला. इस्पितळातून लेकीचा असणार म्हणून ते पळतच खिडकीशी गेले आणि त्यांनी आधी तिलाच फोन लावला. म्हणजे त्यांनीही काही चुकीचं केलेलं नव्हतं. कोणाचीच चूक नव्हती आणि इंजिन मात्र अंधार पडताना वाघिणी टाकून निघून गेलं.

कामशात गड्यांबरोबर तळातला गहू उपसत राहिली. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि जा असंही कोणी म्हटलं नाही. ल्युबाताईंनी तिच्यापुढे चहाचा पेला आपटला. "पी. परिचारिका म्हणे! रोगी ठणठणीत आणि दवाखाना बंद." पण चहात साखर जास्त होती.

निघताना बेर्दिबेक सापारोविच एवढंच म्हणाले, "सकाळी माझ्या खोलीत ये." तिने आईला फोन केला. आईने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मामाला सांगून ठेवू का?" कामशातने हो म्हटलं.

सकाळी खोलीत ल्युबाताई होत्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जुमेके टोपी मांडीवर घेऊन बसले होते. बेर्दिबेक सापारोविचांनी आज तिला बसायला सांगितलं, आणि तेच तिला जास्त भीतीचं वाटलं.

"काल तू चुकलीस, हे कबूल आहे?"

"आहे. आत माणूस नव्हता."

"मी लोकांना काय सांगू? गाडी का गेली? म्हाताऱ्याचे जोडे दिसले म्हणून?" ते पुढे वाकले. "मी तुला एकच गोष्ट विचारतो. नीट विचार करून बोल. उद्या पुन्हा तसेच जोडे दिसले, तर काय करशील?"

नोकरी वाचवणारं उत्तर काय आहे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आधी खाली येईन, विचारेन, खात्री करून घेईन. कामशातने ते उत्तर जुळवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. पण डोळ्यांपुढे ती खोलगट जागा आली, आणि खाली जाऊन विचारून वर यायला लागणारा वेळ आला.

"हाक मारीन," ती म्हणाली. "ओ आली नाही, तर ओढीन."

"पुन्हा?"

"पुन्हा."

बेर्दिबेक सापारोविचांनी ल्युबाताईंकडे पाहिलं. ल्युबाताई छताकडे पाहत होत्या. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि मूठभर गोळ्या-चॉकलेटं टेबलावर, कागदांवर, बेर्दिबेक सापारोविचांच्या टकलावर येऊन आदळली. आनंदाच्या वेळी आपल्याकडे उधळतात तशी.

"मुलगी झाली आमच्याकडे! वेचा, वेचा, बरकत असते!" दारात जुमेकेंची बायको कुलांदाम आजी उभी होती. पांढरा शुभ्र रुमाल डोक्याला, बगलेत बाउर्साकांची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची पिशवी. "यातली ती कोणती?"

"अगं, इथे काम चाललंय," जुमेके पुटपुटले.

"तुम्ही गप्प बसा. तुमचं काम काल बघितलं सगळ्यांनी." आजी सरळ कामशातपुढे आली, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला, आणि मग तशीच उभी राहिली. बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज उतरलेला होता.

"यांचा थोरला भाऊ याच कोठारात होता. सेरिकबाय. तुला कोणी सांगितलं नसेल. इथे ते कोणी बोलत नाही. त्याचेही जोडे झाकणापाशी होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिले होते गं. वाईट नव्हती ती माणसं. प्रत्येकाला वाटलं, चहाला गेला असेल."

जुमेके टोपीची कड बोटांनी दाबत होते.

"तेव्हापासून हे संध्याकाळी घरी येईपर्यंत माझ्या घशाखाली घोट उतरत नाही. काल आले आणि म्हणाले, कुलांदाम, आज माझ्यासाठी अख्खी गाडी थांबवली. मी म्हटलं, तुम्ही रुतला होतात? म्हणाले, नाही गं, मी फोनवर होतो. नुसते माझे जोडे होते." आजीने रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. "रिकामे जोडे! रिकाम्या जोड्यांसाठी गाडी थांबवली हिने. काल रात्री मी पोटभर जेवले बाळा. तुझ्यावरून मी जीव ओवाळून टाकते."

मग तिने दोन्ही तळवे समोर उघडले. तसे सगळ्यांनीच उघडले, जुमेकेंनी, कामशातने, बेर्दिबेक सापारोविचांनी, आणि देव वेगळा असूनही ल्युबाताईंनी.

"तुझी वाट मोकळी असो," आजी म्हणाली. "तुझ्या हाताखालच्या प्रत्येकाने संध्याकाळचा चहा आपल्या घरी प्यावा. तुझं काम कोणाच्या डोळ्यांत भरू नये आणि त्याची गरज कोणी विसरू नये. आमीन."

सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. आजीने बाउर्साकांची पिशवी टेबलावर रिकामी केली आणि नवऱ्याला दंडाला धरून घेऊन गेली.

फोन वाजला. पलीकडे शेजारच्या स्टेशनावरच्या कोठाराचा प्रमुख होता आणि त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. गाडी चुकल्याची बातमी त्याला पोचली होती आणि मीठ चोळायची संधी तो सोडणार नव्हता. बेर्दिबेक सापारोविचांनी ऐकून घेतलं.

"हो, थांबवली," ते म्हणाले. "माणूस शोधत होतो... सापडला. सापडला ना. धडधाकट आहे." पलीकडचा काहीतरी हळू आवाजात बोलला. बेर्दिबेक सापारोविचांच्या कपाळाला आठी पडली. "काय? तुमच्याकडे पाठवू? तपासणीवाले तुमच्याही मागे लागलेत वाटतं. नाही नाही, त्या मोकळ्या नाहीत. कामशात बाई इथेच असतात. तुम्ही दुसरी बघा, विद्यापीठात शिकवतात म्हणे हा विषय."

त्यांनी फोन ठेवला, डोक्यावर चिकटलेली एक गोळी काढली आणि सोलून तोंडात टाकली.

"बसलीस काय? बाउर्साक घे आणि वर जा. त्या जिन्यावर दिवा नाही, काल मी पडता पडता वाचलो."

"पडायलाच हवं होतं तुम्ही," ल्युबाताई म्हणाल्या. "म्हणजे तिच्या नोकरीचं सोनं झालं असतं."

कामशात बाहेर आली. जिना चढण्याआधी अंगणातूनच तिने आईला फोन लावला आणि मामांना नको सांगूस, एवढंच म्हणून ठेवून दिला. वरच्या सज्ज्यात जुमेके तिच्या आधी येऊन पोचले होते. खाली पट्टा बंद होता, कुलूप लागलं होतं, दोर बांधलेला होता आणि आतून त्यांचं बांबू मारणं आणि नातीसाठी गुणगुणणं ऐकू येत होतं. कामशात झाकणाशेजारी जमिनीवर बसली आणि पोटभर रडून घेतलं. इतका वेळ तिला वाटत होतं, की आपल्याला नोकरी मिळाल्याबद्दल देवाचे आभार मानायला हवेत. पण तळवे उघडल्यावर तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच होतं. काल मी चुकले, ती म्हणाली, देवा, तुझे फार फार उपकार.